उपग्रह ऐकायला डिश लागत नाही

विज्ञानाच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. उपग्रहाचा सिग्नल घ्यायला मोठी डिश आणि लाखांची यंत्रणा लागते. ताशी 28,000 किलोमीटर वेगाने पळणाऱ्या वस्तूमागे हाताने अँटेना फिरवणं अशक्य. मोजपट्टीच्या (सुताराच्या गुंडाळत्या स्टील टेपच्या) अँटेनावर अंतराळातले आवाज ऐकवणारे व्हिडिओ बनावट. आणि परवान्याशिवाय हे सगळं गुन्हाच, असं त्यात ठासून सांगितलंय. शाळकरी मुलं हे वाचून प्रयोगाचा नाद सोडतात, याचं मला वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी डिश. बंगळुरूजवळ ब्यालाळूला इस्रोची 32 मीटरची डिश आहे, पण ती चांद्रयानासारख्या दूरच्या यानांसाठी. चंद्र सरासरी 3,84,000 किलोमीटरवर आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा जेमतेम 420 किलोमीटरवर असतं, म्हणजे मुंबईहून नागपूर त्यापेक्षा लांब. अंतरात 900 पटींचा फरक, आणि सिग्नल अंतराच्या वर्गाने क्षीण होतो. म्हणजे तेवढ्याच ताकदीचा सिग्नल चंद्रावरून आठ लाख पट दुबळा पोचेल. शिवाय स्थानक आणि आपल्यामध्ये ना डोंगर, ना इमारत. 2002 साली सोडलेल्या एसओ-50 या हौशी उपग्रहाचा ट्रान्समीटर फक्त पाव वॅटचा, तरी हातातल्या अँटेनावर त्याच्यामार्फत गप्पा मारणारे हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाले, जगभर आहेत.

वेगाचा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो. पण अँटेना फिरवताना मोजायचा तो कोन. स्थानक अगदी माथ्यावर असतानाही सेकंदाला सुमारे एक अंशच सरकतं, आणि क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जायला दहाएक मिनिटं घेतं. तीन दांड्यांच्या यागी अँटेनाचा (एका आडव्या नळीवर ओळीने दांड्या बसवलेल्या, एका दिशेने रोखायच्या अँटेनाचा) झोत साठ अंशांच्या आसपास रुंद असतो. अंदाजाने रोखली तरी चालते. मोटर कशाला हवी?

वेगाची खरी अडचण वेगळीच आहे: डॉपलर, म्हणजे उपग्रह जवळ येताना त्याची फ्रीक्वेन्सी थोडी वर आणि लांब जाताना खाली सरकणं. स्थानक बोलतं त्या 145 मेगाहर्ट्झवर फ्रीक्वेन्सी तीनेक किलोहर्ट्झच हलते, ती एफएम रिसीव्हर सांभाळून घेतो. एसओ-50 मात्र 436.795 मेगाहर्ट्झवर बोलतो आणि तिथे फरक दहा किलोहर्ट्झच्या घरात जातो. म्हणून 436.805 वर सुरुवात करून पाच-पाच किलोहर्ट्झने खाली येत 436.785 पर्यंत जायचं. बस.

आता बनावट व्हिडिओ. मोजपट्टीची ती अँटेना स्वतःच करून बघा. पीव्हीसी पाइपवर स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे: मागचा 105 सेंटिमीटर, पुढचा 89, मधला दोन भागांत 45-45. मागचा आणि मधला यांत 20 सेंटिमीटर, मधला आणि पुढचा यांत 32. मधल्या दोन भागांना कोअॅक्सची (रिसीव्हरकडे जाणाऱ्या अँटेना केबलची) दोन टोकं, म्हणजे आतली तार आणि बाहेरची जाळी, आणि तिथेच 13 सेंटिमीटरची तार यू आकारात वाकवून जोडायची. पट्टीवरचा रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड चकाकलं नाही तर सोल्डर धरत नाही, आणि कापलेली टोकं बोट कापतात, त्यांवर टेप हवीच. मग मोकळ्या गच्चीवर रिसीव्हरवर 145.800 मेगाहर्ट्झ लावायचं. स्थानकावरून प्रसारण चालू असेल तर आधी खरखर बसते, मग आवाज उमटतो. मध्येच तो बुडाला की अँटेना मनगटातून नव्वद अंश फिरवायची. ध्रुवीकरण, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा, अँटेनाशी जुळलं की आवाज परत वर येतो. एसएसटीव्हीचे, म्हणजे आवाजाच्या रूपात चित्रं पाठवायचे, दिवस असतील तर फोनमधलं अॅप दोन मिनिटांत चित्र उलगडतं. पासची, म्हणजे स्थानक आपल्या आकाशातून जायची, वेळ आधीच मोजलेली असते, आणि पुण्यात ऐकू येणारा आवाज त्याच मिनिटांना कोल्हापुरातही येतो. हे बनावट कसं ठरवणार?

लाखांचं म्हणाल तर आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरच्या यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर, काही हजारांत मिळतो. हौशींसाठी मुद्दाम उपग्रहही बांधले गेलेत, आपल्याकडेसुद्धा: इस्रोचा हॅमसॅट मे 2005 पासून 2014 पर्यंत चालला, आणि पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा एक किलोचा ‘स्वयम्’ जून 2016 मध्ये पीएसएलव्हीने वर गेला.

परवान्याबाबत मात्र त्या मजकुरात तथ्य आहे, फक्त नीट सांगितलेलं नाही. प्रसारण करायला हॅम परवाना लागतोच, आणि ट्रान्समीटर असलेला हँडी (हातात धरायचा वॉकी-टॉकीसारखा) सेट विनापरवाना बाळगणंही चालत नाही. म्हणून शाळांनी तो विकत घेऊ नये. जवळच्या परवानाधारक हॅमला त्याच्या सेटसह बोलवावं, अँटेना मुलांनी केलेली असावी, आणि ज्यांना पुढे स्वतः बोलायचंय त्यांनी हॅम परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास सुरू करावा.