कॅपवाला मेसेज आणि काकूंची दाढ

तालमीच्या ग्रुपपासून भिशीच्या ग्रुपपर्यंत सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: रूट कॅनल, म्हणजे दाताच्या आतली नस काढून तो भरणं, झाली की कॅपची, म्हणजे दातावर बसवायच्या टोपीची, गरज नसते, ब्रिजसाठी (शेजारच्या दातांवर कॅप घालून त्यांच्या आधारानं मधला गेलेला दात बसवणं) चांगले दात तासून वाया घालवतात, एकदा कॅप बसली की कीड लागत नाही आणि कॅप धातूची असेल तर एमआरआय होत नाही. थोडक्यात, सगळा धंदा. मी दातांचा डॉक्टर, रोज हेच काम करतो, त्यामुळे माझं म्हणणं जरा पारखूनच घ्या.

आधी रूट कॅनल. दात किडीनं पोखरलेला असतो, त्यात आम्ही आणखी कोरतो. उरतात पातळ भिंती. पुढचा दात फारसा पोखरलेला नसेल तर नुसत्या फिलिंगवर भागतं. दाढेवर मात्र चावण्याचा सगळा भार येतो. गंगावेशीतल्या एक काकू "दुखायचं थांबलं न्हवं, झालं की" म्हणत कॅप न बसवताच गेल्या. पुढं एका रविवारी पांढऱ्या रश्श्यातली नळी फोडताना दाढ उभी चिरली, पार मुळापर्यंत. चिमट्यानं दोन्ही तुकडे वेगवेगळे हलवून आरशात दाखवले, तेव्हा काकू गप्प. दाढ काढावी लागली.

दात तासण्याचा मुद्दा निम्मा खरा आहे. ब्रिजसाठी शेजारचे दात चहूबाजूंनी तासावे लागतात, चावायच्या बाजूनं दीड-दोन मिलिमीटर, आणि गेलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, परत येत नाही. शेजारचे दात धड असतील तर मीही आधी इम्प्लांटचं, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावण्याचं, बोलतो. काकूंच्या दोन्ही बाजूंच्या दाढांत मात्र जुनी चांदी भरलेली, कडा तुटलेल्या. त्या दाढांना कॅप लागणारच होती, मग ब्रिजच बरा. फट तशीच ठेवली असती तर मागची दाढ पुढं कलली असती, समोरची वरची दाढ खाली उतरली असती.

एमआरआय होतो. तोंडाजवळचं चित्र धातूमुळं बिघडू शकतं, म्हणून आधी सांगायचं, एवढंच.

राहिली कीड. कॅप किडत नाही, तिच्या आतला दात किडतो, हिरडीजवळ कॅप संपते त्या कडेला. ब्रिजच्या मधल्या दाताला मूळ नसतं. त्याच्याखाली अन्न अडकतं आणि दातांच्या फटी साफ करायचा धागा वरून जात नाही, बाजूनं ओवावा लागतो. काकूंना दोन वेळा दाखवावं लागेल असं वाटलं होतं. त्यांनी पहिल्याच फटक्यात ओवला. घरी शिलाई मशीन आहे म्हणाल्या.