रेडिओ कोडचा ०००० वाला मेसेज चुकीचा आहे

राजेहो, आपल्या दारव्हा भागातल्या ग्रुपवर मेसेज फिरून राहिला, की बॅटरी काढल्यावर कारचा रेडिओ कोड मागत असन तर ०००० टाका, नाही झालं तर १२३४, उघडेपर्यंत टाकत राहा. परवा मीबी तो पुढं पाठवला, चूक झाली, माफ करा.

कोड सगळ्या गाड्यांचा एकच नसते. प्रत्येक रेडिओचा वेगळा असते, त्याच्या सिरियल नंबरशी जोडलेला, चोरलेला रेडिओ दुसऱ्या गाडीत चालू नये म्हणून. अंदाजानं टाकत गेलं की रेडिओ लॉक होते, मामाच्या जुन्या गाडीत तसंच झालं अन् तासभर इग्निशन चालू ठेवून बसा लागलं, तेबी नवीन लावलेली बॅटरी खर्च करून.

आधी डॅशबोर्डच्या खणात मॅन्युअलसंग छोटं कार्ड असते ते पाहा, सेकंडहँड घेतली असन तर जुन्या मालकाले विचारा. होंडाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत १ अन् ६ चं बटण दाबून रेडिओ चालू केला की स्क्रीनवरच सिरियल नंबर दिसते, तो अन् आरसी घेऊन शोरूमले जा.

तो जुना मेसेज आता पुढं पाठवू नका, ज्याले पाठवला त्याले हे सांगा.