किनारा आधी कोणाचा?

मे महिन्याची सुट्टी सुरू झाली की कोकणातल्या किनाऱ्यांवर पडलेल्या बाटल्यांची आणि वेफरच्या पुड्यांची छायाचित्रे नातेवाइकांमध्ये फिरू लागतात आणि त्यांच्या पाठोपाठ एक वाक्य हमखास येते: "परदेशात बघा, लोकांना कशी शिस्त असते." हे वाक्य बहुधा मला उद्देशून असते, कारण मी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर स्टोनहेवन नावाच्या, साधारण 11,000 वस्तीच्या गावात राहतो, जवळच्या ॲबर्डीनला तेल-उद्योगात नोकरी करतो आणि अधूनमधून बंदराची सुरेख छायाचित्रे घरी पाठवून या समजाला खतपाणीही घालतो. शिस्तीचा हा सिद्धांत मला पटत नाही. त्याच्या विरुद्ध टोकाला उभा असलेला, 'कोकणाचा कॅलिफोर्निया करू' म्हणणारा सिद्धांत तर त्याहूनही कमी पटतो. पहिला सगळा दोष माणसांच्या स्वभावावर टाकतो, दुसरा सगळी आशा बाहेरून येणाऱ्या पैशावर ठेवतो, आणि किनाऱ्यावर बारा महिने राहणारा माणूस दोन्हींत कुठेच नसतो.

स्टोनहेवनमधले सुख लहान मापाचे आहे. जूनमध्ये रात्री दहा वाजून गेले तरी उजेड असतो, आणि जेवण आटोपून धक्क्यावर गेले की पोरे गळाच्या दोरीला पिसे बांधून बांगडे ओढत असतात. उत्तर अटलांटिकातला हा बांगडा आपल्या बांगड्याहून वेगळ्या जातीचा आणि बराच तेलकट आहे, पण तिरफळ घालून तिखले केले की तक्रारीला फारशी जागा उरत नाही. शिवाय इथल्या माणसाचा जीव हॅडॉक या पांढऱ्या माशावर असल्यामुळे गळवाले जास्तीचे बांगडे आनंदाने देऊन टाकतात. पिठात बुडवून तळलेला हॅडॉक आणि बटाट्याचे चिप्स, वर मीठ आणि व्हिनेगर, हे कागदात बांधून समुद्राच्या कठड्यावर बसून खाणे हा इथला सर्वमान्य कार्यक्रम आहे, फक्त सीगल पक्ष्यांवर लक्ष ठेवावे लागते. पिठात बुडवून तळलेल्या मार्स बार या चॉकलेटचा उगमही याच गावातल्या एका फिश अँड चिप्सच्या दुकानात 1990च्या दशकात झाला असे मानतात. त्याचा अभिमान बाळगावा की नाही याबद्दल गावात अजून एकमत नाही.

रविवारी बंदरापासून कड्याच्या कडेकडेने सुमारे तीन किलोमीटर चालत डनॉटर किल्ल्यापर्यंत जाता येते. वाटेत टेकडीवर पहिल्या महायुद्धातल्या मृतांचे स्मारक लागते. ते मुद्दामच भग्न देवळासारखे बांधले आहे, अर्ध्यावर मोडलेल्या आयुष्यांची खूण म्हणून. 1651-52 मध्ये इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या सैन्यापासून स्कॉटलंडचा राजमुकुट, राजदंड आणि तलवार ज्या डनॉटरमध्ये राखली गेली, तो किल्ला आज खाजगी मालकीचा आहे आणि आत जायला तिकीट पडते. कड्यावरून चालायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. स्कॉटलंडच्या 2003च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकाला बहुतेक सर्व जमिनीवरून आणि अंतर्गत पाण्यातून जाण्याचा हक्क दिला आहे. घरालगतची बाग आणि उभे पीक यांना त्यातून वगळले आहे, आणि मोटारगाडीला हा हक्क नाही. त्यामुळे जमीनदार कितीही मोठा असला, तरी चालणाऱ्याची वाट त्याला मनास येईल तेव्हा बंद करता येत नाही.

परंतु किनारा कोणासाठी, या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर इथला उघडा तरणतलाव देतो. तो 1934 मध्ये बांधला गेला, 50 मीटर लांबीचा आहे आणि त्यात समुद्राचेच पाणी घेऊन ते सुमारे 29 अंशांपर्यंत तापवले जाते. शेजारचा खराखुरा समुद्र भर उन्हाळ्यातही 14 अंशांच्या आसपास असतो हे लक्षात घेतले की या तापवण्याचे मोल कळते. त्या काळात स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर असे अनेक तलाव होते. एडिनबराजवळच्या पोर्टोबेलोचा तलाव तर कृत्रिम लाटांसाठी प्रसिद्ध होता, आणि तोही 1979 मध्ये बंद पडला. स्टोनहेवनचा तलावही 1990च्या दशकात बंद होण्याच्या बेतात होता, तेव्हा गावकऱ्यांनी संस्था काढली, निधी गोळा केला आणि तेव्हापासून रंगकाम, झाडलोट, डागडुजी यांत स्वयंसेवक कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाच्या, खांद्याला खांदा लावून उभे आहेत. उन्हाळ्यात ठरावीक बुधवारी तो मध्यरात्रीपर्यंत उघडा असतो, आणि वर आकाश पुरते काळोखलेले नसताना वाफाळत्या खाऱ्या पाण्यात पोहणे यासारखे दुसरे काही मला इथे सापडलेले नाही. पर्यटक या तलावावर खूश होतात, मात्र तो त्यांच्यासाठी म्हणून वाचवला गेला नाही; शाळेतल्या पोरांना आणि निवृत्त बायांना तो हवा होता म्हणून तो वाचला.

वर्षाच्या शेवटच्या रात्री बाराच्या ठोक्याला गावातलीच माणसे तारेच्या जाळीत भरलेले पेटते गोळे डोक्याभोवती फिरवत जुन्या हाय स्ट्रीटवरून चालतात आणि शेवटी ते बंदराच्या पाण्यात फेकून देतात. शिमग्यातला होल्टे होम, म्हणजे पेटती लाकडे एकमेकांकडे फेकण्याचा कोकणातला खेळ, ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातला आनंद समजावून सांगावा लागणार नाही. बघायला हजारो लोक येतात, तरी हा सोहळा गावाने स्वतःसाठी चालवलेला आहे, आणि बहुधा म्हणूनच तो बघण्यासारखा राहिला आहे.

आता शिस्तीबद्दल. गरम शनिवारी संध्याकाळी स्टोनहेवनच्या कठड्यापाशीही चिप्सचे डबे लोळत असतात आणि कुत्र्याची घाण न उचलणारे महाभाग इथेही आहेत. फरक इतकाच की कचऱ्याचे डबे थोड्या थोड्या अंतरावर आहेत, ते कोणीतरी पगारावर नेमलेला माणूस रिकामे करतो, आणि त्या पगारासाठी गावातले प्रत्येक घर दरमहा चांगलाच बोचेल एवढा कौन्सिल टॅक्स भरते. यातली एकही गोष्ट रक्तातून येत नाही. पैसे आटले की तीही आटते. स्कॉटलंडमधल्या अनेक कौन्सिलांनी खर्चकपातीत सार्वजनिक स्वच्छतागृहे बंद केली आहेत, लहान गावांतल्या बँकांच्या शाखा गेल्या आहेत, आणि ज्या वृद्धाला दर दोन तासांनी स्वच्छतागृह लागते, त्याचे किनाऱ्यावर येणे अशा निर्णयांनी गुपचूप थांबते. डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच सूर्य मावळतो, दुकाने पाच-साडेपाचला मिटतात, आणि अशा वेळी वेंगुर्ल्याच्या बाजारातली गडबड, मासेविक्रेतीशी घातलेली हुज्जत किंवा ओटीवर न सांगता येऊन बसलेला शेजारी यांची किंमत मला इथल्या कोणाही स्थानिकापेक्षा जास्त कळते. तो शेजार कोणत्याही कायद्याने किंवा कराने उभा करता येत नाही.

तरीही त्या वृद्धाला ॲबर्डीनहून इथे यायला पैसे पडत नाहीत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. साठीवरच्यांना स्कॉटलंडमध्ये बसप्रवास मोफत आहे आणि जानेवारी 2022 पासून बावीस वर्षांखालच्यांनाही. या खर्चावर इथेही टीका होते. आपल्याकडे एसटीने ऑगस्ट 2022 मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत आणि मार्च 2023 मध्ये महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास दिला, तेव्हा 'रेवडी' या एका शब्दात तो विषय निकालात काढणारे माझ्या परिचयात पुष्कळ निघाले, आणि त्यातले काही जण परदेशातल्या समुद्रकाठच्या बाकांवर निवांत बसलेल्या म्हाताऱ्यांचे कौतुक करण्यात सर्वांत पुढे होते. एसटीच्या ताळेबंदाची काळजी रास्त आहे, परंतु ज्या निवांतपणाचे कौतुक करायचे, त्याचे बिल कोणीतरी भरते एवढे तरी मान्य करावे.

सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासूनच्या वादांचा साचा ठरून गेला आहे: शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावरचे पंचतारांकित हॉटेल, तोंडवळी-वायंगणीचा सी-वर्ल्ड हा समुद्री जीवांचा पर्यटन प्रकल्प, रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग. एक बाजू रोजगार म्हणते, दुसरी पर्यावरण म्हणते, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असते. पण समुद्रावर जाणारी जुनी पाणंद रिसॉर्टचे कुंपण पडल्यावर उघडी राहील का, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्या मच्छीमारांना होड्या लावायला वाळू उरेल का, बायकांसाठी स्वच्छतागृह कोण बांधणार आणि मुख्य म्हणजे पाच वर्षांनी ते कोण धुणार, हे प्रश्न या भांडणात फार खाली राहतात. बुडण्याची दुर्घटना घडली की काही दिवस बंदी घातली जाते, पण कायमच्या जीवरक्षकांच्या पगाराची चर्चा तेवढ्या जोराने होत नाही. आपल्याला हे जमत नाही असे म्हणावे, तर वेंगुर्ला नगरपरिषदेने कचऱ्याचे वर्गीकरण करून दाखवले आहे, कचरा डेपोच्या जागेला लोक भेट द्यायला येतात अशी कळा आणली आहे, आणि वेळासच्या गावकऱ्यांनी कासवांची घरटी राखून त्यांभोवती स्वतःच्या घरांतून चालणारे पर्यटन उभे केले आहे. दोन्ही ठिकाणी सुरुवात आहे त्या गावापासून झाली.

यातला सर्वांत अवघड भाग मात्र माझ्यासारख्यांच्या घराशी येऊन थांबतो. स्कॉटलंडच्याच फाइफ भागातल्या एली, क्रेल यांसारख्या सुंदर किनारी गावांत सुट्टीपुरत्या उघडणाऱ्या घरांमुळे स्थानिक तरुणांना घर परवडेनासे झाले आहे. स्कॉटलंडने अल्पमुदतीच्या भाड्याला परवाना सक्तीचा केला आणि एप्रिल 2024 पासून दुसऱ्या घरावर कौन्सिल टॅक्स दुप्पट करण्याचा अधिकार कौन्सिलांना दिला. वेंगुर्ला तालुक्यातले आमचे घरही गणपती आणि मे महिना सोडला तर कुलूपबंद असते आणि त्याची घरपट्टी इथल्या दोन जणांच्या एका जेवणाहून कमी येते. ग्रामपंचायतीला अशा बंद घरांवर जास्त पट्टी लावता यावी आणि तो पैसा पाणंदी, स्वच्छतागृहे आणि जीवरक्षक यांवरच खर्च व्हावा, असे मी गेल्या गणपतीत काकांपुढे मांडले. काका म्हणाले, चाकरमान्यांनी मुंबईहून पाठवलेल्या मनीऑर्डरींवर गावातली देवळे आणि शाळा उभ्या राहिल्या, आता त्यांनाच दंड का? शिवाय बंद घराच्या कौलांना आणि गड्याला वर्षाला किती लागतात हे आधी विचार. त्यांचे म्हणणे खोटे नाही, आणि इथली तुलना तिथे जशीच्या तशी बसतही नाही, कारण आमच्या वाडीत घर मिळत नाही म्हणून कोणी गाव सोडलेले नाही; गाव सोडले ते कामासाठी. तरी पट्टी वाढवण्याचा ठराव ग्रामसभेत आलाच, तर माझी संमती लेखी कळवायला मी काकांना सांगून ठेवले आहे. ते कळवतील की नाही, याची मला खात्री नाही.