भागाकाराच्या वाटेला जाऊ नका

किराणा भरायला निघताना तीन वस्तू घरीच ठेवाव्यात: चष्मा, कॅल्क्युलेटर आणि चौथीचं गणित. पिशवीही विसरलात तरी हरकत नाही, काउंटरवर विकत मिळते.

चष्मा का, ते आधी सांगतो. पाकिटावर एमआरपीच्या आसपास कुठेतरी ‘युनिट सेल प्राइस’ किंवा नुसतं ‘यूएसपी’, म्हणजे एका ग्रॅमचा किंवा किलोचा भाव, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला असतो. पाकीटबंद मालाचे नियम 2011 चे. त्यांत 2021 मध्ये दुरुस्ती झाली, ठरावीक वस्तू ठरावीक वजनातच भरायची सक्ती गेली आणि सोबत हा आकडा आला. म्हणजे कंपनीला 870 ग्रॅमचं पाकीट काढायची मोकळीक आणि गिऱ्हाइकाला ते ओळखायची सोय. ही सोय वापरू नका. पाकीट तीनदा फिरवावं लागतं, तोवर मागची ट्रॉली तुमच्या टाचेला लागते.

समजा सापडलाच आकडा, तरी घाबरू नका, तो सहजासहजी कामाला येत नाही. किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅममागे आणि किलोच्या वरच्या पाकिटावर किलोमागे, असा नियम आहे. म्हणून अर्ध्या किलो तूरडाळीवर 0.16 आणि शेजारच्या पाच किलोच्या पिशवीवर 158.00. शून्य पूर्णांक सोळा म्हणजे फुकटच की! अर्धा किलोच घ्या. आता दोन वेगळ्या ब्रँडची अर्ध्या किलोची पाकिटं हातात धरा, एक 78 रुपयांचं, दुसरं 82 चं. भागाकार 0.156 आणि 0.164. छापताना दोन दशांशांपर्यंतच छापायचं, म्हणून दोन्हींवर 0.16. किलोला आठ रुपयांचा फरक असा गडप झाला. त्यात हा आकडा एमआरपीवरून काढलेला. आमच्या नाशकात रविवार कारंजावरचा दुकानदार एमआरपीतून पाच रुपये सोडतो, कॉलेज रोडवरचं एसी दुकान ‘दोनवर एक’ लावतं, त्याची खबर छापखान्याला कुठून असणार?

फोन काढायचा मोह होईल. किंमत भागिले ग्रॅम, गुणिले हजार, की किलोचा भाव हातात. दहा सेकंदांचं काम. ते टाळता येत नसेल तर निदान चुकीचं करा. एका पाकिटाचे रुपये ग्रॅमने भागा, दुसऱ्याचे ग्रॅम रुपयांनी. पहिल्यात लहान आकडा चांगला, दुसऱ्यात मोठा, आणि तुम्ही दोन्हींतला मोठा निवडायचा. तुलना करणारी ॲपं तर फारच सोयीची: एका रकान्यात 1 टाका, दुसऱ्यात 900, आणि पहिला किलो होता, दुसरा ग्रॅम, हे ॲपला सांगूच नका. साबणाच्या चारच्या गठ्ठ्यावर ‘4 x 100 ग्रॅम’ असेल तर 100 च टाका. भाव चौपट दिसेल आणि तुम्ही समाधानाने सुटी वडी घेऊन बाहेर पडाल.

खरी गंमत तेलात. एक लिटर खाद्यतेल किलोभर नसतं, साधारण 910 ग्रॅम भरतं. एका पिशवीवर एक लिटर, 140 रुपये. शेजारी तशीच फुगीर पिशवी, 850 ग्रॅम, 135 रुपये. पाच रुपये वाचले म्हणून दुसरी उचला. 140 ला 0.91 ने भागलं तर किलोला 154 पडतात आणि 135 ला 0.85 ने भागलं तर 159, असलं कोण करत बसतंय? 15 लिटरचा आणि 15 किलोचा डबा शेजारी ठेवून ‘पंधराचा द्या’ एवढंच म्हणा. लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोंच्या जरा वर असतं. किलोच्या डब्यापेक्षा जवळजवळ दीड लिटर कमी. काही कंपन्या पूर्वी पिशवीवर तापमानही छापायच्या, कारण गरम तेल फुगतं आणि कमी वजनात लिटर भरतो. 2022 मध्ये केंद्राने तापमान काढून माप आणि वजन दोन्ही नीट छापायला सांगितलं. एक करमणूक गेली.

मोठं पाकीट स्वस्त, हे मात्र डोळे मिटून माना. दोन रुपयांची शाम्पूची पुडी सहा मिलिची असेल तर मिलिला 33 पैसे. 150 रुपयांच्या 180 मिलिच्या बाटलीत तोच शाम्पू 83 पैशांना. पण बाथरूममध्ये बाटलीच शोभते. गव्हाचं पोतं घ्याच, किलोला दोन रुपये वाचतात. पावसाळ्यात टोके लागले की निम्मं चाळून टाकायचं; टाकलेल्याचा भाव कुठल्याच ॲपमध्ये नाही.

पूर्वी शाळेत पावकी, निमकी, सवायकी, म्हणजे पाव, अर्धा, सव्वाचे पाढे, घोकून घ्यायचे. म्हणून सुट्या मालाच्या दुकानात आजी ‘शेंगदाणे काय भाव?’ म्हणते, किलोचा दर ऐकते आणि दुकानदाराच्या आधी पावशेराचे पैसे सांगते. ही जुनाट पद्धत. सुटा माल टाळा, त्यावर छापील काहीच नसतं.

पेढे घेताना खोक्याकडे बघू नका. खोका 80 ग्रॅमचा आणि पेढे 600 रुपये किलो, तर 48 रुपयांचा पुठ्ठा घरी येतो. वजन निव्वळ मालाचंच व्हायला हवं असं वजनमापं तपासणारे वैधमापनवाले सांगतात, पण ‘आधी खोका काट्यावर ठेवून शून्य करा’ म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंडात तोवर चवीचा तुकडा आलेला असतो.

बुधवारी गोदाकाठी गंगाघाटावरच्या बाजारात मिरच्या-लिंबांचे वाटे आणि कोथिंबिरीच्या जुड्या दिसतील. तिथे कुठलंच ॲप चालत नाही, कारण वाट्याला ग्रॅम नसतो. फारच राहवलं नाही तर जुडी घरी आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. 210 ग्रॅम भरली. निवडा, पुन्हा ठेवा: 120. उरलेले 90 ग्रॅम म्हणजे मुळं, माती, शिंपडलेलं पाणी आणि सुतळी.