अंडी त्यांची, जागरण माझे

2025 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या लेकीने एक लिंक पाठवली आणि खाली लिहिले, ‘बाबा, वेळ जात नाही म्हणता ना, हे बघत जा.’ तेव्हापासून वेळ उत्तम जातो. फक्त झोपायला तेवढा उरत नाही.

कॅलिफोर्नियात बिग बेअर सरोवराजवळ एका जेफ्री पाइनच्या झाडावर, जमिनीपासून सुमारे 145 फुटांवर, जॅकी आणि शॅडो हे बाल्ड ईगल जातीच्या गरुडांचे जोडपे राहते. फ्रेंड्स ऑफ बिग बेअर व्हॅली या संस्थेने घरट्याजवळ कॅमेरा बसवून त्यांचा संसार चोवीस तास जगासमोर उघडा ठेवला आहे. अडचण एवढीच, की तिथे उजाडते तेव्हा पुण्यात दिवेलागण होते, त्यामुळे त्यांचा कामाचा दिवस म्हणजे माझी झोपायची वेळ.

‘बाल्ड’ या शब्दामुळे मला त्यांच्याविषयी प्रथम स्वजातीयाची ओढ वाटली होती. परंतु त्यांच्या डोक्यावर पांढरीशुभ्र पिसे दाट असतात आणि त्या नावात टक्कल नसून जुन्या इंग्रजीतला पांढरेपणा आहे, हे कळल्यावर मी पुन्हा एकटा पडलो. आवाजाची कथाही तशीच. चित्रपटात या गरुडाच्या तोंडी घातलेली ती काळीज चिरणारी किंकाळी बहुधा रेड-टेल्ड हॉक या दुसऱ्याच पक्ष्याची असते. अमेरिकेच्या राष्ट्रचिन्हावरचा हा रुबाबदार पक्षी स्वतः मात्र कोणीतरी गुदगुल्या केल्यासारखा चिवचिवतो.

जॅकीने 22, 25 आणि 28 जानेवारीला मिळून तीन अंडी घातली. आदल्या वर्षीच्या तीनही अंड्यांतून काहीच निघाले नव्हते, हे वाचल्यामुळे मी पहाटे तीनलाही उठून ‘सगळे ठीक आहे ना’ असे पाहून येऊ लागलो. “अहो, आपली लेक जन्मली तेव्हा तुम्ही दवाखान्याच्या बाकावर घोरत होतात,” असे सौभाग्यवतींनी पांघरुणातूनच सांगितले. याला उत्तर नव्हते.

शॅडोची बाजू मात्र मला पूर्ण पटत असे. तो कुठूनतरी आपल्याहून लांब काटकी घेऊन येई आणि मोठ्या कष्टाने काठावर बसवी. आकाराने त्याच्याहून मोठी असलेली जॅकी ती शांतपणे उचलून दुसरीकडे ठेवी, आणि मग दोघे चोचीत काटकीची दोन टोके धरून उभे राहत. मी आणलेल्या मेथीच्या जुड्यांचे गेली पस्तीस वर्षे याहून वेगळे काही झालेले नाही. अंड्यांवर बसण्याची पाळी मिळावी म्हणून तो तिला अलगद ढकलून पाहत असे, हा एवढा एकच मुद्दा घरात माझ्याविरुद्ध वापरला गेला.

3 मार्चच्या रात्री, म्हणजे आमच्या 4 तारखेच्या दुपारच्या जेवणाच्या सुमारास, पहिले पिल्लू बाहेर आले. काही तासांनी दुसरे आले आणि 8 तारखेला तिसरे. मी सोसायटीत पेढे वाटणार होतो. कोणत्या नात्याने वाटणार, असे विचारून मला थांबवण्यात आले.

धुळवडीच्या दिवशी खाली पोरे एकमेकांवर पाणी ओतत असताना माझ्या पडद्यावर तिथली रात्र होती आणि बर्फाचे वादळ चालले होते. तिथे सकाळ झाली तेव्हा जॅकीच्या पोटाखाली दोनच पिल्ले उरली होती. त्या रात्री घरात कोणीही मला झोपायला सांगितले नाही.

उरलेल्या दोघांची सनी आणि गिझ्मो ही नावे बिग बेअरच्या शाळकरी मुलांनी मते देऊन ठरवली. मग मासे, वाढणारे पंख, आणि शेपूट काठाबाहेर करून केलेली ती लांब पल्ल्याची पिचकारी. मे महिन्यात दोघे काठावर उभे राहून नुसतेच पंख फडफडवत आणि मी प्रत्येक वेळी खुर्चीतून अर्धा उठत असे.

2 जूनला रात्री अकराच्या पुढे, तिथे ऊन चढलेले असताना, मी चार महिन्यांच्या जागरणानंतर फक्त पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. तेवढ्यात बाहेरून हाक आली, “अहो, उडालं हो!”

मी तांब्यासकट धावत आलो. काठावर सनी नव्हते.

“कसे उडाले?”

“कसे म्हणजे? पंख पसरले आणि गेले. तुम्ही कुठे होतात?”

गिझ्मो अजून घरट्यातच होते. माझी खुर्ची मात्र आता पडद्याजवळ ओढली गेली होती, आणि तीत सौभाग्यवती बसल्या होत्या.