बेडूक मे महिन्यातच ओरडले, म्हणून लगेच आनंद मानू नका

२०२५ च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फेसबुक उघडलं की बेडूकच बेडूक दिसत होते. "आमच्याकडे मेमध्येच डराव डराव सुरू!" असे व्हिडिओ, खाली बदामांचा पाऊस. मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत येऊन ठेपला होता. मुंबईची त्याची नेहमीची तारीख ११ जून. इतक्या लवकर तो मुंबईत आल्याचं गेल्या ७५ वर्षांत घडलं नव्हतं. उकाड्याने जीव नकोसा झालेला असताना पाऊस आला तर माणूस खूश होणारच. मला मात्र त्या रात्री ऐकताना धास्ती वाटत होती. ती का, ते आज जरा सविस्तर लिहितो.

उन्हाळ्याच्या अखेरीस रात्री जे जे ओरडतं ते सगळं आपण 'पावसाची चाहूल' या एकाच खात्यात टाकतो. पावशा, चातक, बेडूक, सगळे एका माळेचे मणी. प्रत्यक्षात यातला प्रत्येक जण वेगळ्या घड्याळावर चालतो.

पावशाचंच बघा. होळीच्या सुमाराला त्याला कंठ फुटतो. एकेक सूर चढवत नेतो, अगदी टोकाला नेऊन तोडतो आणि पुन्हा खालून सुरुवात करतो. चांदणं असेल तर रात्र रात्र हेच. शेतकऱ्याला त्यात 'पेरते व्हा' ऐकू येतं आणि ते ऐकण्यात काही वावगं नाही. पण हा पक्षी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बाराही महिने असतो, थंडीत फक्त गप्प बसतो, म्हणून तो कुठून तरी आला असं वाटतं. त्याला ढगांशी कर्तव्य नाही. त्याची नजर सातभाईंच्या घरट्यांवर, कारण मादीला अंडी तिथे घालायची असतात. माळावरचा रातवाही तसाच. दिवेलागण झाली की 'चुक चुक चुकर्रर्र' सुरू करतो आणि घरटं न बांधता उघड्या जमिनीवर अंडी घालतो. चातक मात्र खरा प्रवासी. आपल्याकडे पावसाच्या तोंडावर जे चातक दिसतात ते आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून, नैऋत्येच्या वाऱ्यांसोबत येतात.

पक्ष्यांचा हंगाम मोठ्या प्रमाणात दिवसाच्या लांबीवर ठरतो. एखादं वर्ष विचित्र गेलं तरी दिवस मोठा होण्याचं वेळापत्रक बदलत नाही. बेडकाकडे असा भरवशाचा आधार नाही. त्याच्यापुरता हंगाम म्हणजे पाणी. सात-आठ महिने कोरड्या जमिनीखाली, दगडांच्या सांदीत, बांधाच्या भेगांत पडून राहायचं आणि पहिला दणकट पाऊस झाला की त्याच रात्री बाहेर यायचं. पाऊस मृगाचा आहे की रस्ता चुकलेला, हे त्याला कळायचा मार्गच नाही.

आमच्या घराच्या खालच्या अंगाला खाचरांच्या कडेला एक उथळ डबकं साचतं. त्या मेमध्ये तिथे बॅटरी घेऊन बसलो होतो. मोठे डराव बेडूक अंगभर पिवळेधमक झालेले, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगलेल्या. एरवी मळकट हिरवा दिसणारा हा प्राणी विणीच्या त्या थोड्या दिवसांपुरताच असा रंगतो. पण मला जास्त ओढ त्याच्या शेजारच्या, दुसऱ्याच जातीच्या चिमुकल्या बेडकाची. अंगठ्याच्या पेराएवढा जीव, पाठीवर गडद नक्षी, आणि ओरडताना गळ्याची पिशवी इतकी फुगते की मागचा बेडूक दिसेनासा होतो. त्याची अंडी सकाळी पाण्यावर तरंगताना दिसतात, एकाला एक लागून, एकाच थराची पातळ साय. जरा तिरक्या उजेडात पाहिलं तरच कळतं की हा फेस नाही. त्यातून निघणारी शेपटीवाली पिल्लं जवळजवळ पारदर्शक असतात.

आणि मग मान्सून थबकला. मे सरता सरता जो अडला, तो जूनच्या मध्यापर्यंत हलला नाही. ऊन पडलं. आमच्या डबक्याची कड रोज आत सरकत गेली, मध्ये तळव्याएवढं पाणी उरलं, त्यात पिल्लं खच्चून वळवळत होती. एक दिवस तेही आटलं आणि चिखलावर काळा वाळका थर तेवढा राहिला.

शेतकऱ्यासाठी ही परिस्थिती नवी नाही. वळवाच्या ओलीवर पेरलं आणि पावसाने दडी मारली की दुबार पेरणी ठरलेली, म्हणूनच तेव्हा कृषी विभागही घाई करू नका म्हणून सांगत होता. बेडकाला कोण सांगणार? मादीला पुन्हा अंडी तयार करायला वेळ लागतो, खाणं लागतं. पाऊस असाच लवकर येऊन अडायला लागला तर दरवर्षी पहिली वीण मातीत जाईल. म्हणून म्हणतो, लवकर आलेली हाक ही आपोआप चांगली बातमी नसते. ओरडण्याच्या रात्री मोजून उपयोग नाही, पिल्लांना पाय फुटेपर्यंत पाणी टिकलं का ते बघायला हवं.

पाऊस आपल्या हातात नाही, डबकी आहेत. डासांच्या भीतीने लोक पहिल्या पावसानंतर दिसेल तो खड्डा मुरूम टाकून बुजवतात, नाहीतर त्यात जळकं ऑइल ओततात. घराशेजारचं पाणी जरूर काढा, टायर-पिंप रिकामी करा, त्याला माझी हरकत नाही. पण शेताच्या कडेचं, ओढ्याच्या काठाचं, माळावरचं पाणी कशाला बुजवायचं? मोठं डबकं आठ दिवस जास्त टिकतं आणि ते आठ दिवसच पिल्लांच्या जगण्या-मरण्याचा निकाल लावतात. पहिल्या पावसात बॅटरी आणि पोती घेऊन डराव बेडूक पकडायला निघणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, बेडकांच्या तंगड्यांची निर्यात देशाने १९८७ मध्ये बंद केली, तरी पावसाळ्याच्या सुरुवातीला कोकणात, गोव्यात पकडणारे आणि खाणारे आहेतच. विणीसाठी बाहेर पडलेला प्राणी त्याच रात्री मारणं मला अजिबात पटत नाही.

दुसरी गोष्ट नोंदींची, आणि इथे आपण फार मागे आहोत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका परिसरात आल्बर्ट राइट या प्राणिशास्त्रज्ञाने १९०० ते १९१२ या काळात कोणता बेडूक कोणत्या तारखेला पहिल्यांदा ओरडला ते टिपून ठेवलं. शतकाच्या शेवटच्या दशकातल्या नोंदी त्याच्याशी ताडल्या, तेव्हा सहापैकी चार जाती १० ते १३ दिवस आधी ओरडू लागल्याचं दिसलं. कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी तारखा लिहिल्या म्हणून हे सिद्ध करता आलं. आपल्याकडे आजोबा सांगायचे, आत्या सांगायची, पण कागदावर किती आहे? 'पूर्वी मिरगाच्या आसपास ओरडायचे' एवढ्यावर कोणताही अभ्यास उभा राहत नाही.

कालनिर्णय घराघरात आहे. त्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहितो तसं लिहा: पावशा पहिल्यांदा ऐकला, चातक दिसला, बेडूक ओरडले, पाऊस थांबला, डबकं आटलं. मोबाइलवर मिनिटभर आवाज रेकॉर्ड करा. जात ओळखता आली नाही तरी बिघडत नाही, आवाज असला की जाणकार पुढे ओळखतील. इंटरनेटवर नोंदी टाकायला पक्ष्यांसाठी ई-बर्ड आहे, बेडकांसाठी आयनॅचरलिस्ट, दोन्हीकडे आवाज चढवता येतो. शाळेतल्या शिक्षकांनी मनावर घेतलं तर एकेका तालुक्याची वही तयार होईल.

सुरुवात इथूनच करू. यंदा तुमच्याकडे बेडूक पहिल्यांदा कधी ओरडले आणि त्यानंतर पाणी किती दिवस टिकलं, गाव आणि तालुक्यासह कमेंटमध्ये लिहा. तारीख नक्की आठवत असेल तरच लिहा, अंदाजाने नको.