बर्डीच्या तळमजल्यावर बँकेने किती जागा अडवावी?

नागपूरच्या सीताबर्डीत (म्हणजे बर्डीवर) मेन रोडवर, तसेच धरमपेठेत लक्ष्मीभुवन चौकापासून कॉफी हाऊस चौकापर्यंत, तळमजल्यावरील बँक शाखांच्या दर्शनी रुंदीवर नगररचनेच्या नियमांनीच मर्यादा घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बँका बाजारातून घालवाव्यात असे मी म्हणत नाही. बाजारात बँक हवीच. मात्र तीन-चार दुकाने मावतील एवढा रस्त्यालगतचा भाग एकाच काचेमागे जाऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

रविवारी सायंकाळी व्हेरायटी चौकातून मेन रोडला लागावे. कपडे, चपला, पर्स, खेळणी, कुकरच्या शिट्या असे पाहत गर्दी पुढे सरकत असते आणि मध्येच बँकेचे बंद शटर येते. दिवा नाही, माणूस नाही. काचेवर गृहकर्जाच्या व्याजदराचे पोस्टर आणि पायऱ्यांवर सुरक्षारक्षकाचे रिकामे स्टूल. फेरीवाल्यांना ही जागा बरोबर सापडते आणि बँकेच्या लोखंडी जाळीवर हँगरला लावलेले टी-शर्ट झुलू लागतात. (त्या शटरचा याहून चांगला उपयोग मलाही सुचत नाही.) पण जिथे फेरीवाला बसत नाही, तिथे गिऱ्हाईक थांबत नाही, सरळ रस्ता ओलांडते आणि बँकेच्या पलीकडच्या दुकानदाराचा धंदा विनाकारण बुडतो. सप्टेंबर 2015 पासून दुसरा आणि चौथा शनिवारही बँकांना सुट्टीचा आहे. म्हणजे बर्डीवर गर्दी उसळते त्या दिवशी बँक बंद आणि इतर दिवशीही बाजार रंगायच्या सुमारास तिचे कामकाज आटोपलेले. मे महिन्यात तर ऊन उतरल्याशिवाय नागपूरकर घराबाहेर पडत नाही. त्या वेळी शाखेत दिवसाचा हिशेब जुळवणारे कर्मचारी तेवढे उरलेले असतात.

यात बँकेचा दोष नाही. तिचे काम दुकानाचे नाही, हाच मुद्दा आहे. राष्ट्रीय इमारत संहिताही (2016) तसेच मानते. तिच्या वर्गीकरणात बँका कार्यालयांच्या जोडीने गट ‘ई’ मध्ये येतात, तर दुकाने आणि बाजार गट ‘एफ’ मध्ये. इमारतीच्या सुरक्षिततेचा विचार करताना जो भेद आपण मानतो, तो बाजाररस्त्याचा विचार करतानाही मानायला हरकत नसावी.

जागामालक बँकेलाच पसंती का देतो, हेही समजून घेतले पाहिजे. भाडे दरमहा वेळेवर येते आणि करार लांब मुदतीचा असतो, ही कारणे सर्वांना माहीत आहेत. त्याहून मोठे कारण कायद्यात आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 3 नुसार बँकांना भाड्याने दिलेल्या जागा त्या कायद्याच्या संरक्षणाबाहेर ठेवलेल्या आहेत. एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्यांचेही तसेच. उलट, चिल्लर व्यापाऱ्याला गाळा भाड्याने दिला की तो संरक्षित भाडेकरू होऊ शकतो आणि वाद झाला तर तो न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळतो. पागडीच्या जुन्या गाळ्यांची भांडणे ज्यांनी इतवारी किंवा महाल या भागांत पाहिली आहेत, त्यांना मालकाची ही भीती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. थोडक्यात, कायद्याचे पारडे आधीच बँकेकडे झुकलेले आहे. त्यामुळे ‘बाजाराला ठरवू द्या’ हा युक्तिवाद मला पटत नाही.

न्यूयॉर्कच्या अप्पर वेस्ट साइड भागात 2012 साली असा नियम झाला. तेथील मुख्य व्यापारी रस्त्यांवर तळमजल्यावरील नव्या बँकेची दर्शनी रुंदी 25 फुटांपर्यंत मर्यादित करण्यात आली. आत खोलवर किंवा वरच्या मजल्यावर जागा घेण्यास आडकाठी नव्हती. आकडा जसाच्या तसा उचलण्याचे कारण नाही. बर्डीचे जुने गाळे पाहता आपल्याकडे तो आणखी कमी ठेवावा लागेल. मात्र रुंदी मोजण्याची कल्पना अगदी योग्य आहे, कारण बँकेसाठी जिना चढावा लागेल, हा ज्येष्ठांचा आक्षेप तिच्यातच सुटतो.

तो आक्षेप गंभीर आहे. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्तिवेतनधारकांची बँकेत रीघ लागते. त्यांपैकी कुणाच्या हातात काठी असते, कुणाला नातवाने धरून आणलेले असते. त्यांना अरुंद जिना चढायला लावून बाजार सुशोभित करायचा असेल, तर त्या नियमाला माझाही विरोध राहील. म्हणूनच रोख काउंटर, दाखल्यांचे काम आणि रॅम्प तळमजल्यावरच राहावा. कर्ज विभाग, व्यवस्थापकांची दालने आणि बैठकीची खोली लिफ्टने वर जावी. लॉकरच्या तिजोरीचे वजन पाहता ती तळमजल्यावरच मागच्या बाजूला ठेवता येईल. या कशालाच रस्त्याकडची काच लागत नाही.

आपल्या शहराला डिसेंबर 2020 पासून राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. त्यामुळे महापालिकेने ठराव केला आणि काम झाले, असे होणार नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली फेरबदल करून, नागरिकांच्या हरकती-सूचना घेऊन राज्य शासनाची मंजुरी मिळवावी लागेल. सध्याच्या शाखांना हात लावू नये. करार संपून नवा करार होताना किंवा नवी शाखा उघडताना नियम लागू व्हावा. 2019 आणि 2020 मध्ये सरकारी बँकांची विलीनीकरणे झाली, तेव्हा जवळजवळ असलेल्या शाखा एकत्र करण्याचे काम बँकांनी स्वतःच केले होते. तेव्हा जागा आटोपशीर करणे त्यांना अशक्य आहे, असे कुणी सांगू नये. किंग्जवे आणि सिव्हिल लाइन्स हे कार्यालयांचे भाग यातून पूर्णपणे वगळावेत.

मसुदा करताना एक पळवाट मात्र आधीच बुजवली पाहिजे. एका गाळ्यात शाखा, शेजारच्या गाळ्यात तिचेच एटीएम आणि त्यापुढे त्याच समूहाचे सोनेतारण केंद्र, अशी रांग लावून मर्यादा सहज चुकवता येईल. म्हणून एका समूहाच्या सलग गाळ्यांची दर्शनी रुंदी एकत्र मोजावी आणि त्यात एटीएमही धरावे.